बारा घरांचं पत्र

आमच्या शेतात आता निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, उड्या मारतात. जिथे भात पिकायचं तिथे तिवरांचं रान माजलंय. भरती आली की ते कमरेएवढ्या पाण्यात उभं राहतं आणि ओहोटी लागली की मुळांखालची चिंबोऱ्यांची बिळं उघडी पडतात. वास मात्र तोच आहे, खारट, कुजका, किंचित गंजल्या लोखंडाचा. बाहेरचा माणूस या वासाने नाकाला रुमाल लावतो आणि आपल्याला भूक लागते, असं बाबा म्हणायचे.

बाबांच्या वर्षश्राद्धाला मी आले होते. श्राद्ध रोह्याला, भावाच्या फ्लॅटवर झालं. भटजींना पुढे अजून एक घर होतं, भावाला डोलवीच्या कंपनीत दुपारची शिफ्ट होती, त्यामुळे अकराच्या आत सगळं उरकलं. वहिनीने खीर छान केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी उचलली आणि पेणला, आपल्या गावी जाऊन येते म्हटलं. भाऊ म्हणाला, "तिकडं काय हाय आता? कशाला चिखल तुडवतेस?" मी चपला घातल्या. झोप काढूनही जात नाही असा एक थकवा असतो, तो गेली काही वर्षं माझ्याकडे मुक्कामाला आहे. पाहुणा म्हणून आला आणि आता घरच्यासारखा वागतो.

गाडी निडीला थांबली तेव्हा मी सवयीने खिडकीतून मान बाहेर काढली. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी निडीला मावशीकडे राहिले आणि रोह्याच्या कॉलेजात गेले. मावशीच्या हातच्या तांदळाच्या भाकरीला ताज्या पिठाचा गोडसर वास असायचा, डब्याच्या झाकणाला आतून वाफेचे थेंब धरायचे. स्टेशनच्या कडेला ती करवंदं विकत उभी राहायची आणि गाडी सुटताना उरलेली माझ्या ओंजळीत ओतायची. मावशी आता नाही. स्टेशन नवं झालंय, उंच आणि स्वच्छ, आणि त्यावर उतरणारं कुणी नव्हतं.

रोह्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी मला त्या विद्यापीठाचं माहितीपत्रक दिलं. दूर दक्षिणेत, मिशनऱ्यांनी उभारलेलं ख्रिस्ती विद्यापीठ. तिथे इंग्रजीचा तीन वर्षांचा ऑनर्स अभ्यासक्रम होता, वर्गात फक्त बारा मुलं. माहितीपत्रकावर दगडी चॅपल होतं आणि त्यापुढे हिरवळीवर पुस्तकं घेऊन बसलेल्या मुली. मी ते फोटो इतक्या वेळा पाहिले की कागदाची घडी फाटली. मार्क होते, शिष्यवृत्तीही मिळणार होती. फॉर्ममध्ये एकच गोष्ट अडली. अर्जदाराच्या धर्मसमाजातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीचं पत्र हवं होतं, अर्जदाराने समाजासाठी काय सेवा केली त्याबद्दल.

बाबांनी तो फॉर्म हातात धरून बराच वेळ पाहिला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण कागद वाचायची त्यांची अशी एक पद्धत होती. मग म्हणाले, "वडीलधारी व्यक्ती म्हंजे नाना."

नाना म्हणजे आमच्या जोळाचे प्रमुख. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध असतो, आणि तो सांभाळणाऱ्या घरांच्या गटाला आमच्याकडे जोळ म्हणतात. आमच्या जोळात बारा घरं. अमावस्या-पुनवेला उधाण आलं आणि बांध फुटला, म्हणजे आमच्या भाषेत खांड गेली, की घरटी एक माणूस बांधावर हजर पाहिजे. ओहोटी लागल्यापासून पुढच्या भरतीपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात खांड बुजवायची. एकजण खाडीच्या पात्रात उतरून फावड्याने चिखलाचे गोळे कापतो, बाकीचे रांगेत उभे राहून ते हातोहात पुढे देतात. गोळा तान्ह्या पोराएवढा जड, आणि तसाच छातीशी धरून द्यावा लागतो. प्रत्येक घराची रांगेतली जागा ठरलेली. एखाद्या घराचं माणूस आलं नाही तर ती जागा रिकामी सोडायची. शेजारच्याने दोन पावलं चालून गोळा पुढच्याला द्यायचा, पण सरकून जागा भरायची नाही. जागा भरली की ते घर जोळातून उठलं असं धरतात.

आई मी आठवीत असताना गेली. मिठागरात टोपल्या वाहून बाबांचा उजवा खांदा कामातून गेला होता, भाऊ कंत्राटावर लागलेला, त्याला रजा नाही. म्हणून आमच्या घरचं माणूस मी होते; निडीला असतानाही उधाणाला गावी यायचे. माझ्या एका हाताला नाना, दुसऱ्या हाताला तुळसाकाकी. नानांच्या अंगाला विडीचा वास, काकीच्या डोक्याला खोबरेल तेलाचा. चौदा वर्षांची मी त्या दोन वासांमध्ये उभी राहायचे आणि गोळा आला की डोळे मिटून घ्यायचे, कारण चिखल उडायचा. नाना ओरडायचे, "डोलं उघड गो, नायतर पायाव पारशील!"

तर ते पत्र. बाबा नानांकडे गेले आणि नानांनी, जोळाचं कुठलंही काम एकट्याने ठरवायचं नाही या न्यायाने, सगळ्यांना अंगणात बोलावलं. वहीचा दुरेघी कागद आणला. लिहायला मला बसवणार होते, पण स्वतःची तारीफ स्वतः कशी लिहायची म्हणून शाळेतल्या गुरुजींना बोलावलं. बोलायला बाराही घरं एकदम. एक म्हणे पोर मेहनती लिहा, एक म्हणे तिच्या आईचं लिहा. तुळसाकाकी म्हणाली, "पोर येरी हाय पन मनाची साफ हाय, ह्यो पन लिवा." गुरुजींनी ते वेडीबिडी काही लिहिलं नाही.

कुणीतरी मागून शंका काढली की हे चर्चचं कॉलेज, पोरीला बाटवतील की काय. नानांनी विडी विझवली आणि म्हणाले, "प्रार्थना तर प्रार्थना. बसंल चार घटका. कोनच्या पन देवाचा नाव घे पोरी, पन उधानाचा दिस ध्यानात ठेव."

शेवटी पत्रात जे आलं ते कुणी सुचवलं मला आठवत नाही. मजकूर तोंडपाठ आहे. "पत्र लिहिण्यास कारण की, या मुलीच्या घरातून बांधावर माणूस कधी चुकला नाही. आई वारल्या वर्षापासून ती स्वतः उभी राहते. तिला शिकायला तीन वर्षे पाहिजेत. ती परत येईपर्यंत तिची जागा आम्ही बारा घरे राखू. कळावे." खाली सह्या आणि अंगठे. बाबांनीही सही ठोकली. रोह्याच्या मॅडमनी कपाळावर हात मारला. एका व्यक्तीचं पत्र मागितलं तर बारा जणांचं आणलं, आणि त्यात बापानेच मुलीच्या चारित्र्याचा दाखला दिलेला! मी हे नानांना सांगितलं तर ते उलट मलाच म्हणाले, "त्याचा घर जोलात नाय का?" वर कागदाच्या चारही कोपऱ्यांना काकीने हळदीकुंकू लावलं होतं. मॅडमनी भाषांतर केलं, मूळ कागद सोबत जोडला आणि देवावर हवाला ठेवला. कुठल्या देवावर ते त्यांनी सांगितलं नाही.

मुलाखतीला बाबा बरोबर आले. दीड दिवसाचा प्रवास. पांढरा सदरा त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता आणि उतरल्यावर स्टेशनच्या नळावर तोंड धुऊन घातला. विद्यापीठाच्या आवारात निलगिरीची झाडं होती, पायाखाली पानं चुरली की सर्दीच्या औषधाचा वास. बाबा तिथल्या बाकावर अंग चोरून बसले आणि मी आत गेले.

समोर तिघं होते. मधले फादर म्हातारे, कानात यंत्र, हातावर डाग. त्यांच्यापुढे तो दुरेघी कागद होता आणि कुंकवाचा लाल डाग त्यांच्या बोटाला लागलेला. मार्कांबद्दल काहीच विचारलं नाही. इंग्रजीत म्हणाले, "ही जागा म्हणजे काय? कसली जागा राखणार आहेत?" मी माझ्या रोह्याच्या इंग्रजीत सांगायला लागले आणि शब्द पुरेनात तेव्हा खुर्चीवरून उठले, हातात गोळा धरल्यासारखं करून दोन पावलं चालून दाखवलं. तिघं बघत राहिले. फादरनी यंत्र कानात नीट बसवलं.

"आणि तू परत जाऊन तिथे उभी राहशील?"

"येस, फादर."

आयुष्यात कुठल्याही प्रश्नाला मी इतक्या पटकन उत्तर दिलं नसेल. आणि मी खोटं बोलत नव्हते. हे मला आजही कुणाला तरी सांगावंसं वाटतं. त्या क्षणी मी अगदी खरं बोलत होते.

पहिलं वर्ष मला वासांनीच आठवतं. चॅपलमधल्या जुन्या लाकडाचा आणि वितळलेल्या मेणाचा वास. मेसमधल्या कॉफीचा, ओल्या स्वेटरचा. ग्रंथालयात जाड पुस्तक उघडलं की येणारा शिळ्या बिस्किटांचा. दर बुधवारी दुपारी बारा वाजता चॅपलची घंटा व्हायची आणि ऑनर्सच्या बारा जणांना पहिल्या रांगेत बसावं लागायचं. आमच्या कोटांना निळी फीत असायची. खोलीच्या दारामागे मी मराठी कॅलेंडर लावलं होतं. एखाद्या बुधवारी अमावस्या किंवा पुनव आली की घंटा वाजताना माझ्या पायांना कळायचं, आता तिकडे पाणी बांधाच्या माथ्याला आलं असेल. सगळे डोळे मिटायचे आणि मी उघडे ठेवायचे.

ऑनर्सच्या मुलांना शनिवारी समाजसेवा सक्तीची होती. आम्ही शहरातल्या एका तळ्याच्या काठावरचं प्लास्टिक वेचायचो, हातात रबरी मोजे घालून. मी त्यावर निबंध लिहिला, पाणी आणि समाज असं काहीतरी नाव होतं. त्याला बक्षीस मिळालं. आपल्या घरचं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशातलाच तो प्रकार, पण तेव्हा मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, मी आपल्याच बांधाबद्दल लिहिते आहे.

पहिल्या मे महिन्यात घरी आले तेव्हा एक दिवस बांधाच्या डागडुजीला उभी राहिले. तासाभरात तळहाताला फोड आले. काकी हसून लोळली. "येस-फेस करून हात लोन्याचे झाले गो बाय तुझे!" नानांनी माझ्या हाताला चुना लावला. ती माझी शेवटची वेळ, पण तेव्हा कुणाला माहीत होतं! दुसऱ्या उन्हाळ्यात ऑनर्सचा प्रकल्प होता. तिसऱ्या वर्षी श्रावणात बाबांचा फोन आला.

"खांड गेली. मोठी हाय."

"मी येऊ?"

"तुझी परीक्षा हाय ना?"

परीक्षा नव्हती. वर्गात एक निबंध वाचून दाखवायचा होता आणि त्यावर पुढच्या शिक्षणासाठीची फादरची शिफारस अवलंबून होती. ते वाचनही पुढे ढकलता आलं असतं. मी म्हटलं, "हो, परीक्षा आहे." बाबा म्हणाले, "मंग काय!" आणि फोन ठेवला. त्या दोन शब्दांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी निबंध वाचला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग पुढचं शिक्षण, मग नोकरी, मग ज्या गोष्टी होतात त्या. आता मी तशाच एका कॉलेजात शिकवते आणि ऑनर्सच्या मुलाखतींना मीच टेबलाच्या पलीकडे बसते. दर जूनमध्ये शेकड्याने पत्रं येतात. सगळी छापील कागदावर, सगळी एकाच तोंडाची. अर्जदार नेतृत्वगुणसंपन्न आहे. अर्जदाराला सामाजिक भान आहे. मी वाचते, खूण करते आणि पुढचं उचलते. कधी एखाद्या मुलाला विचारावंसं वाटतं, तुझी जागा कोण राखतंय? विचारत नाही. त्या बिचाऱ्याला काय कळणार, आणि मी कोणत्या तोंडाने विचारणार?

बांध कधी कायमचा गेला ते मला नेमकं माहीत नाही. बाबा फोनवर सांगायचे ते तुकड्यातुकड्यांनी. यंदा भात नाय लावला. यंदा पन नाय. मग एकदा म्हणाले, तिवरं उगवली, आता तोडता पन येत नाय, सरकारचा कायदा हाय. मग भावाकडे रोह्याला राहायला गेले आणि बांधाचं बोलणंच संपलं. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं.

पेणला उतरून रिक्षा केली, रिक्षावाल्याने गावाच्या वेशीवर सोडलं. बांधाचा एक तुकडा अजून आहे, उघाडीजवळ, जिथून पाणी आत-बाहेर सोडायचे तिथे. त्यावर नाना बसले होते. ऐंशी कधीच उलटली असेल. शेजारी काठी. दूर डोलवीच्या चिमण्यांचा धूर होता, आणि ते त्याच्याकडे न बघता चिखलाकडे बघत होते. मी जवळ जाऊन वाकले. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला.

"तू व्हय गो! बाबाच्या वरसाला आली?"

"कालच झालं."

"मना कलला. पन आता गारीत चरवत नाय." गाडी म्हणजे रेल्वे. "बस. ओहटी हाय, थंड वाटंल."

बसले. निवट्यांची टपटप चालू होती. मग मी म्हटलं, कारण हे म्हणायलाच मी आले होते हे मला तेव्हा कळलं, "नाना, मी परत येईन म्हटलं होतं. आले नाही. माझ्या जागेचं काय झालं?"

ते हसले नाहीत, त्यात काय एवढं म्हणून उडवूनही लावलं नाही. मला वाटलं होतं उडवून लावतील.

"तुझी जागा मोकली सोरली होती आमी. तीन वर्सं बोललीस, पाच वर्सं सोरली. मी दोन पावलां चालून तुलसाला द्यायचो. मंग तुलसाचा पोर कंपनीत लागला, ती मुंबईला गेली. मंग अजून एक घर गेला. बाराचे सात झाले. सगल्याच जागा मोकल्या. येवर्‍या जागा चालून भरती गाठत नाय मानूस. मंग आमी गोला फेकायला लागलो."

"फेकायला?"

"इकरून तिकरं. आनि फेकलेला गोला झेलताना फुटतो. निम्मा हातात, निम्मा पान्यात. तशी भरलेली खांड टिकत नाय. दोन पावसालं टिकली, तिसऱ्याला गेली."

खाडीवरून वारा आला. मी विचारायला नको होतं. पण एवढी वर्षं न विचारून काय झालं होतं?

"नाना, पहिला गोळा कुणाच्या रिकाम्या जागेवरून फेकला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसांना खोटं बोलायचा कंटाळा येतो.

"तुझ्या. माझा गुरघा गेला होता. दोन पावलां चालवत नव्हती."

मी रडले नाही. खरं सांगायचं तर एक प्रकारे बरं वाटलं, खूप दिवसांचा ताप मोजून कुणीतरी आकडा सांगितल्यासारखं. कुठे होती ती जागा, मी विचारलं. नानांनी काठीने दाखवलं. बांध तिथे संपत होता आणि पुढे नुसता काळा, चकचकीत चिखल होता, त्यात तिवरांची दोन रोपं. भरतीचं पहिलं पाणी लांबून रेघेसारखं दिसत होतं.

मी चपला काढल्या आणि सलवार गुडघ्यापर्यंत वर केली.

"कुठं चाललीस गो? तिथं काय नाय आता."

"माहीत आहे, नाना."

चिखल कोमट होता. पाय घोट्यापर्यंत गेला, मग पोटरीपर्यंत. चार-पाच पावलांत धाप लागली. मी थांबले, खाडीकडे तोंड केलं आणि हात पुढे धरून उभी राहिले, वेड्यासारखी. मागून नानांनी काठी आपटली.

"ती नव्हं तुझी जागा!" ते ओरडले. "डाव्या हाताला सरक."

मी सरकले.